दुसरी ताटली

४ नोव्हेंबर, मंगळवार

दादा,

तू बरा असशील असं लिहून सुरुवात करायची असते, पण तू बरा आहेस की नाही हे मला माहीत नाही, म्हणून ते वाक्य सोडते. तुझा जुना नंबर लागत नाही. हा पत्ता तुझ्याबरोबर इमारतींच्या रंगकामाला परांचीवर चढणाऱ्या त्या तोतऱ्या सोबत्याने दिला. द्यायला तयार नव्हता. मी दुकानात सगळ्यांसमोर रडले, तेव्हा दिला.

बाबांना झटका आला आहे. मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवा हात आणि उजवा पाय हलत नाही, आणि बोलणं गेलं आहे. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणतात. मलाही तसंच वाटतं, पण माझ्या वाटण्यावर मी फारसा भरवसा ठेवत नाही.

सकाळची वेळ होती. ते ओट्यापाशी अंडी फेटत होते. मी चपला घालत होते. "चिमणे, बस," म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, दुकान उघडायचंय." "दुकान पळून जात नाही. बस." हे आमचं रोजचंच आहे. मग भांडं पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, रागाने आपटलं.

दुकान म्हणजे औषधांचं. तू गेलास तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते, आता तिथे काउंटरला आहे. आपल्या घरात कागद वाचता येणारी मी पहिली, म्हणून इथे दवाखान्यात सगळे कागद माझ्याकडे येतात. आत्या आहे सोबतीला, पण ती डॉक्टर दिसले की उभी राहते आणि ते काय बोलले ते त्यांची पाठ वळल्यावर मला विचारते.

दवाखान्यात आणलं त्या दिवशी मी बाबांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "दादाला कळवलंय. तो निघालाय." तेव्हा तुझा पत्तासुद्धा माझ्याकडे नव्हता. पण त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठला. म्हणून आता तू खरंच नीघ. तू निघालास की मी बोललेलं खरं होईल.

तुझ्या कामावरच्या ऑफिसातला कारकून भला वाटला. मी फोन केला होता. साइटवर फोन लागत नाही, पण आलेलं पत्र दुसऱ्या दिवशी हातात देतो, म्हणाला.

चिमणी


८ नोव्हेंबर, शनिवार

दादा,

पत्र तुला मिळालं. कारकून म्हणाला, तू उभ्या उभ्या वाचलंस आणि घडी करून खिशात ठेवलंस. एवढं कळल्यावर मी दोन दिवस जिन्याकडे बघत बसले. आमचा वॉर्ड जिन्याच्या तोंडाशीच आहे. उंच माणूस वर येताना आधी त्याचं डोकं दिसतं, मग बराच वेळ नुसता माणूसच येत राहतो. तसं कुणी आलं नाही.

इकडची हकीकत अशी. आधी नाकातून नळी घातली होती, तीतून दूध आणि पातळ पेज. बाबांनी ती ओढून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग त्यांचा डावा हात, तेवढा एकच चालतो तो, पलंगाच्या दांडीला मऊ पट्टीने बांधला. मी सिस्टरना विचारलं, बांधणं गरजेचंच आहे का. त्या म्हणाल्या, "मला हौस आहे का, बाई?" त्यांना हौस नव्हती. त्यांचेही डोळे लाल होते.

परवा गिळण्याची तपासणी झाली. चमचाभर दही, मग दुधात भिजवलेला पाव. नीट गिळलं. ठसका नाही, काही नाही. नळी काढली, हात सोडला. मी आत्याला मिठी मारली. आत्या म्हणाली, "बघ, माझा भाऊ आहे. खाण्याला कधी नाही म्हणणार नाही."

आणि त्याच दिवसापासून बाबा खात नाहीत.

सकाळी ताटली येते. मऊ अंडं, भिजवलेला पाव, कुस्करलेलं केळं. पलंगावरच्या चाकाच्या टेबलावर ठेवतात. बाबा ताटलीकडे बघतात, डावा हात उचलतात आणि ती ढकलतात. टेबलाच्या कडेपर्यंत. मी चमचा तोंडाशी नेला तर ओठ मिटून घेतात. दुपारी, संध्याकाळीही चार चमचे पेजेपलीकडे काही जात नाही. सिस्टर रोज लिहितात: अन्न ढकलतात. डॉक्टर तरुण आहेत, माझ्याहून फार मोठे नसतील. ते म्हणाले, "गिळता येतंय, पण इच्छा नाही. काही पेशंट आतून सोडून देतात." मी विचारलं, आतून सोडलंय हे कशावरून ठरवायचं. ते म्हणाले, "ताटलीवरून."

येत्या गुरुवारच्या न्याहारीपर्यंत वाट बघायची असं ठरलं आहे. नाही खाल्लं तर शुक्रवारी पोटाला भोक पाडून नळी बसवायची. त्यांचं हृदय पूर्वीसारखं नाही. भूल सोसेल का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "सोसेल असं धरून चालू." मी औषधं विकते. 'धरून चालू' म्हणजे काय ते मला कळतं.

बाबा, दादा! सकाळच्या खाण्यावरून ज्यांनी आपल्याला उभ्या जन्मात एकदाही सूट दिली नाही, ते. मला ताप होता तेव्हा अर्धं अंडं खाल्ल्याशिवाय गोळी दिली नाही त्यांनी. त्यांचा जोडीदार उपाशीपोटी परांचीवर चढला होता आणि चक्कर येऊन खाली आला, ती गोष्ट आपण किती वेळा ऐकली. आपण दोघं त्यांच्या मागे तोंड हलवून म्हणायचो ती. "आणि त्याच्या खिशात पाव होता रे! खिशात पाव होता!"

आत्या म्हणते, तू आलास तर खातील. मी तुला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. जे म्हणाली ते लिहिलं.

चिमणी


११ नोव्हेंबर, मंगळवार

दादा,

आधी चांगलं सांगते, नाहीतर मागे राहून जाईल.

काल सकाळी वॉर्डात मला भोवळ आली. मी खाऊन येत नाही हे तुला माहीतच असेल. तू घरी असतानाही मी पाव पिशवीत घालून कावळ्यांना द्यायचे. सिस्टरनी मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही पडलात तर कुठे निजवू? बेड नाहीत माझ्याकडे." तेवढ्यात बाबांची ताटली आली. त्यांनी नेहमीसारखी ढकलली. या वेळी मी स्टुलावर, म्हणून बरोबर समोर होते. ताटली कडेला येऊन थांबली ती माझ्या हाताखाली. आणि बाबांनी हनुवटी उचलली. चिमणे, बस.

दादा, ते ढकलत नव्हते. वाढत होते.

आई गेल्यापासून रोज सकाळी आपल्या टेबलावर हेच झालं ना? तव्यावरून पहिली ताटली भरायची आणि लाकडावरून सर्रकन सरकवायची, चिमणीकडे. दुसरी तुझ्याकडे, खिडकीच्या बाजूला. तिसरी स्वतःची. सगळ्यांनी पहिला घास घेईपर्यंत त्यांचा हात मांडीवर. दवाखान्यात एकच ताटली येते. ती त्यांनी मला दिली, रोज दिली, आणि मी रोज ती चमच्याने त्यांच्याच तोंडाशी नेत होते. ज्या माणसाने लेकरांआधी कधी घास घेतला नाही त्याच्या.

मी खाल्लं. कोमट, अळणी, दवाखान्याचं अंडं. आणि तुला खोटं वाटेल, पण मला वाटलं, मी कित्येक महिन्यांत काही खाल्लंच नव्हतं. पोटात ऊब उतरली, मग ती हातांत आली, मग मला समोरची भिंत सरळ दिसायला लागली. तिच्यावरचा रंग दोन हातांत मारला होता आणि दुसरा हात घाईत. बाबा ती भिंत इतके दिवस बघत पडले होते. मी म्हटलं, "बाबा, कोणी मारलाय हो हा रंग?" त्यांच्या तोंडाची डावी बाजू हलली. हसले ते.

मग मला सगळ्या सकाळी आठवल्या. कांदा तांबूस होईपर्यंत त्यांचं ते थांबणं, तुझं "बाबा, उशीर होतोय" म्हणणं, आणि त्यांचं "कांद्याला सांग." लोण्यात दाबून भाजलेला पाव. चहाची वाफ खिडकीच्या काचेवर, आणि तिच्यावर तू बोटाने काढलेला उंट, कारण ते तुला उंट म्हणायचे. त्या अर्ध्या तासात आपल्या घरात कुणी आजारी नव्हतं आणि कुणी गेलेलं नव्हतं. मला तेव्हा कंटाळा यायचा. खरंच यायचा.

आता पुढचं.

आज आत्या घरून डबा घेऊन आली. मऊ अंडी, कांदा अगदी शिजवून गाळ केलेला, दुधातला पाव, आणि आपल्या तीन ताटल्या. डॉक्टरांना विचारूनच. मी तिन्ही भरून त्यांच्यासमोर मांडल्या. पहिली माझ्याकडे आली. दुसरी त्यांनी पलंगाच्या त्या बाजूला सरकवली, जिथे खिडकी आहे आणि पाहुण्यांची रिकामी खुर्ची. तिसरी स्वतःपुढे ओढली. हात मांडीवर ठेवला आणि जिन्याकडे बघत बसले.

मी माझा घास घेतला. ते बसून. अंडं गार झालं. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही सुरू करा." डोळे जिन्यावरून हलले नाहीत.

आत्याला राहवेना. ती जाऊन त्या खुर्चीत बसली आणि दुसऱ्या ताटलीतला पाव मोडला. बाबांनी हात लांब करून ताटली तिच्या हाताखालून काढून घेतली. "अरे मेल्या," आत्या म्हणाली, "मी तुझी सख्खी बहीण! तुझी शेंबडी नाकं पुसली मी!" ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्यांनी ताटली पुन्हा खुर्चीसमोर नीट मांडली. चमचाही सरळ केला.

घर सोडलंस त्या सकाळी तू भरल्या ताटलीवरून उठलास. आदल्या दिवशी तुझा पाय घसरला होता, दोरखंडाला लोंबकळत राहिलास, आणि तू म्हणालास, आता मी वर चढणार नाही. बाबा म्हणाले, "घ्या! उंटालाच उंचीची भीती!" न्याहारीला कुणी कुणाला बोलायचं नाही हा नियम त्यांचाच, आणि मोडला त्यांनीच. तुझा हात तेव्हा थरथरत होता, मी पाहिला होता. त्यांनी पाहिला नव्हता, किंवा पाहिला होता म्हणूनच बोलले. मला ठरवता येत नाही.

पण माफी मागायला त्यांना कधी आलं नाही, आणि आता तर तोंडच गेलं. ताटली सरकवता येते. ती त्यांनी सरकवली आहे. तू यायचं, बसायचं, एक घास घ्यायचा. बोलू नकोस. त्यांच्याकडे बघायचं नसेल तर भिंतीकडे बघ. गुरुवारी सकाळी इथे असलास तरी चालेल.

चिमणी


१२ नोव्हेंबर, बुधवार

दादा,

हे तुझ्या हातात पडेल तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं असेल. तरी लिहिते, कारण आत्याशी बोलता येत नाही आणि बाबांशी बोलायचं तेच आहे.

कालचं पत्र वेळेत पोहोचायचं नाही म्हणून मी कारकुनाला फोनवर सगळं सांगितलं. ताटल्या, खुर्ची, गुरुवार, शुक्रवार. परक्या माणसाला. तो मध्ये एकदा म्हणाला, "थांबा, लिहून घेतो." आज दुपारी त्याला पुन्हा फोन केला. म्हणाला, "सांगितलं मी. शब्दन् शब्द सांगितला." मी विचारलं, काय म्हणाला. "म्हणाला, निरोप नाही."

मी दुकानात परत गेले आणि एका गिऱ्हाइकाला दोनदा औषध समजावलं. तो म्हणाला, "कळलं हो ताई, पहिल्यांदाच कळलं." निरोप नाही म्हणजे येणार नाही, असं होत नाही. माणूस निघायच्या गडबडीतही तसं म्हणू शकतो. रागात म्हणू शकतो आणि मग गाडीत बसू शकतो. मी सगळ्या बाजूंनी तपासून बघते आहे.

आणि तपासता तपासता एक गोष्ट समोर आली. तू कधी सोबत्यांकडे राहायचास, सकाळी घरी नसायचास. तेव्हा बाबा काय विचारायचे? "उंट येतोय का?" येतोय म्हटलं की ताटली मांडायची आणि थांबायचं, अंड्याचं चामडं झालं तरी थांबायचं. येत नाही म्हटलं की "उचला ती," आणि सुरू. तू गेलास त्यानंतरही असंच. पहिले काही दिवस थांबले, मग एका सकाळी मला म्हणाले, "येत नाही ना?" मी म्हटलं, नाही. तेव्हापासून दोन ताटल्या. आम्ही दोघं खात होतो, दादा. फार बोलत नव्हतो, पण ते खात होते.

आता पुन्हा तुझी कुणी मांडली? मी. कानाशी जाऊन सांगितलं, तो निघालाय. त्यांनी काहीही सोडून दिलेलं नाही. ते मी सांगितलं तेवढंच करताहेत. वाट बघताहेत.

म्हणजे उद्या सकाळी मी "तो येत नाही" म्हटलं तर कदाचित खातील. आणि मला ते माहीत नाही! तू येतही असशील. मी एकदा न कळता 'येतोय' म्हटलं, त्याचं हे झालं. आता न कळता 'येत नाही' म्हणू? आणि ते म्हटल्यावर आतून खरंच सोडलं तर? पोटातली नळी बरी, की ते ऐकलेलं बरं?

संध्याकाळच्या गाड्या येतात तिथे जाऊन उभी राहते. मग ठरवते.

चि.


१३ नोव्हेंबर, गुरुवार

दादा,

संध्याकाळच्या गाडीने तू आला नाहीस. पहाटेच्या गाडीलाही मी गेले होते. एक उंच माणूस उतरला, पण तो कुणा दुसऱ्यांचा होता. एक म्हातारी त्याच्या छातीला डोकं टेकून उभी राहिली. मग मी घरी गेले आणि न्याहारी केली.

नीट केली. कांदा पूर्ण तांबूस होईपर्यंत थांबले. मी कधी थांबत नाही, पण आज थांबले. लोण्यात पाव भाजला माझ्यासाठी, आणि बाबांचा दुधात भिजवला. चहा बाटलीत भरला. तीन ताटल्या फडक्यात बांधल्या.

वॉर्डात डॉक्टर आधीच आले होते. त्यांनी उद्याची वेळ सांगितली आणि सही कुठे करायची ते दाखवलं. मी म्हटलं, न्याहारीनंतर. ते म्हणाले, "बघा," आणि थांबले. गेले नाहीत. सिस्टरही पलीकडच्या पलंगाची चादर बदलत राहिल्या. ती चादर बदलायला फार वेळ लागला.

बाबांनी पहिली ताटली माझ्याकडे सरकवली. दुसरी खुर्चीकडे. तिसरी स्वतःपुढे. हात मांडीवर. डोळे जिन्याकडे.

मी माझा घास घेतला. चावला, गिळला. रिकाम्या तोंडाने बोलावं म्हणून चहाचा घोटही घेतला.

"बाबा," मी म्हटलं, "दादा येत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, पुढे काहीतरी बोलावं. कामात आहे, रस्ते बंद आहेत, पुढच्या आठवड्यात. सगळं तोंडाशी आलं होतं. बोलले नाही. आत्याने माझ्या पाठीवर हात ठेवला होता तो तिने काढून घेतला.

बाबा परत जिन्याकडे बघायला लागले. एक वॉर्डबॉय बादली घेऊन वर आला आणि गेला. मग त्यांनी मान वळवली ती खुर्चीकडे. बराच वेळ त्या खुर्चीकडेच. तोंड उघडलं. त्यातून आवाज आला, शब्द नव्हता. झटक्यानंतरचा पहिला आवाज. पण मला तो कळला, कारण मी तो अनेकदा ऐकला आहे. उचला ती.

मी उठले आणि तुझी ताटली उचलायला हात घातला. त्यांनी माझा हात बाजूला केला. टेबलावरून ती स्वतःच ओढली, आपल्या ताटलीच्या पुढे घेतली. आणि त्यांनी खाल्लं, दादा. स्वतःच्या हाताने, डाव्या हाताने, सांडत, हनुवटीवरून ओघळत. तुझ्या ताटलीतलं. मी पुसायला गेले तर फडकं झटकलं. अंडं संपवलं, कांदा संपवला, पाव संपवला, आणि शेवटच्या तुकड्याने ताटली पुसून घेतली, पूर्वी पुसायचे तशी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि जबडा चालत होता. स्वतःची ताटली तशीच भरलेली राहिली. ती त्यांनी आत्याकडे सरकवली. आत्या म्हणाली, "आता आठवण झाली होय बहिणीची?" आणि तिने ती उभ्यानेच खाल्ली.

डॉक्टरांनी माझ्या हातातला कागद घेतला. म्हणाले, "उद्याचं थांबवूया." सिस्टरनी लिहिलं: अन्न घेतलं. त्यापुढे आणखी काही लिहिणार होत्या, पेन तसंच धरून राहिल्या, मग टोपण लावलं.

बाबा आता झोपले आहेत. झोपण्याआधी माझ्या ताटलीकडे बोट दाखवलं, मी सकाळचा अर्धा पाव टाकला होता. तो मी खाल्ला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. ते बरे होतील असं डॉक्टर म्हणत नाहीत. जगतील म्हणतात. त्या आवाजाचा पुढेमागे शब्द होईल का, ते कुणाला सांगता येत नाही. जिन्याकडे मात्र त्यांनी त्यानंतर एकदाही बघितलं नाही. मी दिवसभर बघत होते, ते बघतात का ते.

मी बोलले ते खरं होतं की खोटं, हे आता तुझ्याच हातात आहे. तू उद्या आलास तर मी त्यांच्याशी दुसऱ्यांदा खोटं बोलले असं होईल, आणि मला त्याचा आनंद होईल. पण यायचं असेल तर आधी कळव. दिवस आणि वेळ कळव आणि त्या वेळेला ये. एकदम दारात येऊन उभा राहू नकोस. उद्यापासून मी दोनच ताटल्या मांडणार आहे, आणि मी सांगितल्याशिवाय ते आता कुणासाठी थांबणार नाहीत.

सकाळी काहीतरी खात जा.

चिमणी